तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात मॅक्रो कशाचं करायचं, आणि कशानं?

"सोलापुरात ना जंगल, ना सह्याद्रीसारखी हिरवळ. इथं मॅक्रो फोटोग्राफी (बारीक जीवांचे अगदी जवळून मोठे फोटो) कशाची करायची? आणि करायचीच म्हटली तर मॅक्रो लेन्सवर किती पैसे घालायचे?" हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनंच येतात. पहिल्याचं उत्तर: रुई. दुसऱ्याचं: मॅक्रो लेन्सवर सध्या काही घालू नका, उजेडावर घाला.

रुई शोधायला कुठं जावं लागत नाही. जुळे सोलापूरचे मोकळे प्लॉट, रुळांच्या कडेचा मुरूम, हिप्परग्याच्या तलावाचा काठ, कुठंही ती उभी असते. शेळीही तिला सहसा तोंड लावत नाही, म्हणून झुडूप वर्षभर टिकतं आणि त्यावरचे जीवही. कोवळ्या शेंड्याचं पान हळूच उलटून बघा. खाली पिवळाधमक मावा दाटीनं बसलेला असतो. अंग पिवळं, पाय काळे, लांबी साधारण दोन मिलिमीटर. त्यातच एखाददुसरा मावा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसेल. त्याच्या पोटात एका बारीक परजीवी गांधीलमाशीची अळी वाढलेली असते. पाठीवर गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडून गेली असं समजा. मावा खायला ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या येतात, माव्याचा गोड स्राव चाटायला मुंग्या येतात. फुलांवर काळाभोर भुंगा, पानांवर प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. आणि रुईवरचा तो रंगीत नाकतोडा, पिवळ्या अंगावर निळसर हिरवे पट्टे असलेला. त्याला हात लावू नका. त्याची पिल्लं छेडल्यावर अंगातून दाहक द्रव उडवतात.

सामान कोणतं लागेल ते या यादीवरूनच ठरतं. मोठा नाकतोडा पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. एपीएस-सी आकाराचा सेन्सर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे नाकतोडा चौकटभर बसवायला अर्ध्या पटीचंही मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या किड्याच्या किती पट) लागत नाही, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्समागे एक छोटी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी, पुरते. मावा मात्र १:१ वर, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा आला तरी, चौकटीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान दिसतो. त्याला दोन पट हवेत. "चांगली मॅक्रो लेन्स कोणती?" हे विचारण्याआधी "किती मोठा किडा?" हे विचारा, निम्मा खर्च तिथंच वाचतो.

स्वस्त मार्ग तीन आहेत. पहिला ट्यूबचा. तिच्यात काच नसते, ती फक्त लेन्स सेन्सरपासून दूर नेते. हिशोब सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा). ५० एमएमच्या लेन्समागे २५ एमएमची ट्यूब म्हणजे अर्धा पट वाढ. ट्यूब कॉन्टॅक्टवाली (लेन्स आणि कॅमेरा विजेनं जोडणारे टिपके असलेली) घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या ट्यूबमध्ये बहुतेक नव्या लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. आणि किट लेन्स १८ एमएमला ठेवून ३६ ची ट्यूब लावाल तर फोकस लेन्सच्या काचेच्या आतच पडेल, मग काहीच दिसणार नाही.

दुसरा मार्ग रिव्हर्स रिंगचा. दोन-चारशे रुपयांत येते, लेन्स उलटी बसते. पण मग लेन्सची मागची काच आणि कॉन्टॅक्ट उघडे पडतात, आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. ॲपर्चर रिंग असलेली जुनी ५० एमएम लेन्स घरात पडून असेल तरच या वाटेला जा.

माळावर चालताना सगळ्यात सोयीचा तिसरा मार्ग: टेली झूमच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या) पुढं चिकटणारी क्लोजअप लेन्स. त्यातली रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) आहे. १००० ला ८ नं भागा: झूमचा फोकस अनंतावर (सगळ्यात दूरच्या खुणेवर) असताना किडा लेन्सपासून साडेबारा सेंटिमीटरवर असला की फोकस. पंधरावर नाही, दहावरही नाही. नवशिक्याला ही लेन्स बिघडलीय असं वाटतं ते याच कारणानं. २५० एमएमला बरोबर दोन पट मिळतात. झूम १०० एमएमच्या खाली आणला की कोपरे काळे पडू लागतात. क्लिपवर बसते, त्यामुळे नाकतोड्यावरून माव्यावर यायला लेन्स काढावी लागत नाही आणि सेन्सरवर धूळ बसत नाही. सोलापुरात हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बॉडी, झूम, ही लेन्स आणि छोटा फ्लॅश मिळून वजन सव्वा किलोच्या आतबाहेर.

आता उजेड. फ्लॅश दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा चालतो, फक्त त्याची पॉवर हातानं कमीजास्त करता आली पाहिजे. मॅन्युअल मोड, शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, फ्लॅश पूर्ण पॉवरच्या १/८ वर. एवढ्या पॉवरला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ पेटतो, हाताची थरथर त्यात गोठते. म्हणून ट्रायपॉड घरी ठेवा.

पण भर उन्हात हे गणित फसतं. आयएसओ २००, १/२०० आणि एफ/११ ला आपल्याकडचं ऊन एकटंच फोटो पांढरा करतं. फ्लॅशचा एक फोटो आणि उन्हाचा दुसरा, हललेला, असे दोन्ही एकावर एक बसतात. कडेला भुतासारखी दुहेरी रेघ दिसते ती यामुळे. आयएसओ १०० वर आणा आणि झुडपाच्या सावलीच्या बाजूचा किडा निवडा, नाहीतर टोपीनं त्याच्यावर सावली धरा.

नुसता फ्लॅश ढालकिड्याच्या पाठीवर मारला की मधोमध पांढरा फटक ठिपका उमटतो आणि बाकी पाठ काळी पडते. यावर उपाय डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, आणि तो घरीच करायचा. स्टेशनरीच्या दुकानातली दुधी रंगाची ए-फोर प्लास्टिक फाइल घ्या. मधोमध लेन्सच्या व्यासाचं भोक कापा, फाइल लेन्सच्या तोंडावर छपरासारखी पुढं वाकवून बसवा, म्हणजे पुढची कड किड्यापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर येईल. फ्लॅशच्या तोंडावर टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा पॅकिंग फोम रबरबँडनं लावा. फोम आणि फाइल यांच्यात तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. लोक थर वाढवत बसतात, पण उजेड मऊ होतो तो या पोकळीमुळे: पहिला थर उजेड पसरवतो, दुसऱ्यावर तो सगळीकडे सारखा पोचतो. नुसते थर वाढवले तर फक्त सेल लवकर संपतात.

चाचणीला किडा लागत नाही. स्टीलचा चमचा पालथा ठेवा आणि त्याचा फोटो काढा. चमच्यात तुमच्या उजेडाचा आकार जसाच्या तसा दिसतो. मधे झगझगीत गोळा आणि कडा मंद असतील तर पोकळी वाढवा. सबंध पांढरा, कडेपर्यंत सारखा चौकोन दिसला की ढालकिड्याची पाठही तशीच येईल.

मागची बाजू काळी कुट्ट येते, ही नेहमीची तक्रार. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गानं घटतो, त्यामुळे मागचं शेत त्याला दिसतच नाही. किड्याच्या मागं चार-पाच सेंटिमीटरवर रुईचंच दुसरं पान येईल असा कोन धरा. सावलीत असाल तर आयएसओ ४०० आणि शटर १/८० करूनही मागचा रंग येतो.

फोकस हातानं. १:१ ला एफ/११ वरही जेमतेम एक मिलिमीटरच्या आतलंच स्पष्ट येतं, दोन पटींना त्याहून कितीतरी कमी. फोकसची रिंग फिरवू नका. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी धरा, त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवा. आता वारा आला तर किडा आणि कॅमेरा एकत्र हलतील. अंग मिलिमीटरभर पुढं न्या, डोळा स्पष्ट झाला की तीन-चार फोटो घ्या. जमिनीलगत काम असेल तर जुन्या सोलापुरी टॉवेलची पिशवी शिवून तिच्यात अर्धा किलो ज्वारी भरा, कॅमेरा त्यावर टेकवा. पावसाळ्यानंतर ज्वारी बदला, ओल लागली की सोंडे होतात.

मोसमाबद्दल ठामपणे सांगते: सप्टेंबर-ऑक्टोबर. आपला पाऊस सप्टेंबरात सगळ्यात जास्त, गवत-फुलं भरात, आणि जून ते ऑगस्टमध्ये माळावर सुसाटणारं पश्चिमेचं वारं तोवर पडलेलं असतं. जूनमध्ये एकच गोष्ट चुकवू नका. पहिल्या चांगल्या पावसानंतर मोकळ्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात, ते थोडेच दिवस. थंडीत सूर्य उगवताना जा. गारठलेले चतुर आणि फुलपाखरं ऊन अंगावर घेईपर्यंत उडत नाहीत. मे महिन्यात सकाळी आठनंतर घरी, आणि कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जागा बदलायचीच असेल तर विजापूर रोडचं सिद्धेश्वर वनविहार आणि कंबर तलावाचा काठ पुरेसे आहेत. तलावावरचा चतुर उडाला तरी बरेचदा त्याच काडीवर परत येऊन बसतो. मागं धावू नका, काडीवर फोकस लावून थांबा. नान्नजचं माळढोक अभयारण्य वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि किड्यांसाठी तर नाहीच. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या गवतात पोटावर सरपटणारा माणूस नको. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर कुठलाही माळ असो, आल्या पावली मागं फिरा.

आडवं होण्याआधी काठीनं गवत हलवा. फुरसं आणि विंचू दोन्ही आपल्याकडचे आहेत. कुसळं पँटमधून आत शिरतात, जाड कापड घाला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते: पान तोडू नका, चीक लागलेल्या बोटानं डोळा चोळू नका, पाण्याची बाटली जवळ ठेवा. किडा फ्रीजमध्ये गार करून किंवा गोंदानं चिकटवून काढलेला फोटो जाणकार पायांच्या ठेवणीवरून ओळखतात, आणि त्या जीवाचे हाल होतात ते वेगळेच.

फोटो ओळख पटवायला उपयोगी पडावा असं वाटत असेल तर एकाच सुंदर कोनावर थांबू नका. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही घ्या. कोळ्याचा समोरून एक घ्या, डोळ्यांच्या मांडणीवरून त्याचं कुळ ठरतं. अळी असेल तर ती खात असलेल्या झाडाचं पान आणि फूलही टिपा, कारण कित्येक अळ्या ठरावीकच झाडांवर वाढतात आणि अर्धी ओळख तिथंच पटते.