शेतातल्या काळविटांची मोजणी, हिवाळी अपडेट

मंडळी, इंदूर-देवास-शाजापूर पट्ट्यातलं काम कुठवर आलंय ते सांगतो. सोयाबीन निघालं की गावोगावी एकच ऐकू येतं, यंदा हरणं फार वाढली. पण महिन्याभरापूर्वी हेच कळप उभ्या पिकात होते, मान तेवढी दिसायची आणि बसले की गायब, त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा सप्टेंबरच्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

म्हणून आता एकूण डोकी सोडून मादीमागे पिल्लं किती तेच बघतोय. तोच कच्चा रस्ता, तीच सकाळची वेळ, एक जण गाडीवर, दुसरा दुर्बीण घेऊन आणि वहीत रकाने मादी, पिल्लू, तपकिरी तरुण नर, काळा नर असे. खरी गोची तरुण नरांची, ते वेगळा कळप करून फिरतात, एखाद्या दिवशी नेमका तोच कळप रस्त्यालगत आला तर सगळं गुणोत्तर बिघडतं, म्हणून त्यांची बेरीज वेगळीच ठेवतो. हद्द धरून बसलेला काळा नर बरा, लेंड्यांच्या ढिगाजवळ हमखास सापडतो.

मादीचा गर्भकाळ साधारण ६ महिने, पिल्लू एकच, पण चारा चांगला असला तर व्यायल्यावर लवकरच पुन्हा गाभण राहते आणि इथे सोयाबीन संपलं की गहू-हरभरा तयारच. रोजड्यांना, म्हणजे नीलगायींना, ८ महिने लागतात पण जुळी बऱ्याचदा होतात. काळविटाचं पिल्लू पहिले काही दिवस गवतात निपचित पडून असतं आणि गावकुत्र्यांना तेच सोपं पडतं. यंदा चरणोई, म्हणजे गावाचं चराऊ रान, शाबूत असलेल्या गावांत पिल्लं जास्त दिसली, जिथे ती नांगरली गेली तिथे कमी, मला हे फार महत्त्वाचं वाटतंय.

२०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून, बोमात, म्हणजे नरसाळ्यासारख्या निमुळत्या कुंपणात, घेऊन कळप हलवले. शेतकऱ्यांसाठी ते गरजेचंच होतं, रात्रीतून पीक तुडवलं जातं हो. पण मागे राहिलेल्या माद्यांना आता तेवढंच पीक कमी तोंडांत मिळणार, आजूबाजूचे कळपही सरकणार, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं त्याच गावांत मोजत राहायला हवं, आणि तेही माद्या धरून, कारण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो.

मार्चमध्ये गहू कापला की पुढची फेरी. बडोद्याकडे तुरीच्या रानात कोणी मोजत असाल तर उभ्या तुरीत किती अंतरापर्यंतचे कळप धरता ते नक्की सांगा.