तिकिटावर ‘नॉन-व्हाइट’ लिहून आलं

ताईला आठवडाभर ऑफिसच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला जायचं होतं, तिने येतेस का विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. जायच्या आधी बरंच वाचलं होतं. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि तिकडे गेल्यावर ते पोटात उतरतं, तसंच झालं.

पहिल्याच दिवशी अपार्थाइड म्युझियमला गेलो. अपार्थाइड म्हणजे तिथल्या गोऱ्या सरकारने कायद्याने लादलेला वंशभेद. खिडकीवर पैसे भरले, दोन तिकिटं मिळाली, ताईच्या तिकिटावर ‘व्हाइट’ आणि माझ्या तिकिटावर ‘नॉन-व्हाइट’. तुमचा रंग बघून देत नाहीत, कुणाला काय येईल ते नशिबावर. दोघींना दोन वेगळी दारं आणि आत गेल्यावर मधे जाळी. माझ्या बाजूला जुन्या ओळखपत्रांचे मोठे केलेले फोटो टांगलेले होते, जाळीपलीकडून ताई चालताना दिसत होती, ती मला हात करत होती आणि मला हात वर करावासाच वाटेना. पाच मिनिटांचा खेळ आहे हे माहीत असूनही राग आला. आणि मग लक्षात आलं की राग ताईचाच येतोय, नियम करणाऱ्याचा नाही. हे मला अजून टोचतंय.

1950 साली गोऱ्या सरकारने लोकसंख्या नोंदणीचा कायदा केला, प्रत्येक माणसाचा वंश सरकारी वहीत. ज्यांचं नक्की ठरत नव्हतं त्यांच्या केसात पेन्सिल खोचून बघायचे, पडली की वेगळा गट आणि अडकली की वेगळा. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या गटात गेली. त्याच वर्षी ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट आला, कुणी कुठे राहायचं तेही ठरलं. जोहान्सबर्गच्या नैऋत्येला आजही ते नकाशावर दिसतं, काळ्यांसाठी सोवेटो, ‘कलर्ड’ म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांसाठी एल्डोराडो पार्क आणि भारतीयांसाठी लेनेशिया. तीन वस्त्या जवळजवळ, पण तीन वेगळ्या पायऱ्यांवर.

दुसऱ्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन हिलला गेलो. आधी तिथे तुरुंग होता, आता तिथेच देशाचं घटना न्यायालय आहे, आणि पाडलेल्या तुरुंगाच्या विटा न्यायालयाच्या इमारतीत वापरल्यात. आमच्याबरोबरच्या गाइडने सांगितलं की कैद्यांचं जेवणसुद्धा वंश बघून ठरायचं. गोऱ्यांना सगळ्यात चांगलं, मग कलर्ड आणि एशियाटिक म्हणजे भारतीय वगैरे, आणि सगळ्यात शेवटी काळे. रॉबेन आयलंड या बेटावरच्या तुरुंगातही तेच होतं. 1964 मध्ये मंडेला आणि त्यांचे सहकारी अहमद कथ्राडा एकाच खटल्यात जन्मठेप होऊन एकत्रच तिथे पोचले, तर कथ्राडा भारतीय म्हणून त्यांना फुल पँट आणि मंडेलांना हाफ पँट. कथ्राडा वयाने लहान, पण पँट मोठी.

म्हणजे त्या शिडीवर माझ्यासारखं दिसणाऱ्या माणसांची पायरी मधली होती. हे मला आधी माहीत होतं पण तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. 1908 मध्ये गांधीजी याच टेकडीवरच्या तुरुंगात होते, आणि आपल्याला आफ्रिकन कैद्यांच्या बरोबरीने ठेवलं म्हणून त्यांनी तेव्हा तक्रार लिहिली होती. पुढे ते खूप बदलले हे खरंच आहे. पण गोऱ्यांच्या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूससुद्धा त्या दिवसांत खालच्या पायरीपासून लांब राहू बघत होता, हेही खरं आहे आणि ते लपवून काही उपयोग नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच की, प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेलं असतं, मग वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येणार कसे.

पण तिथेच गाइडने पुढचीही गोष्ट सांगितली आणि मला ती फार आवडली. 1983 ला नवीन राज्यघटना करून सरकारने तीन सभागृहांची संसद काढली, एक गोऱ्यांचं, एक कलर्ड लोकांचं, एक भारतीयांचं. काळ्यांना काहीच नाही. 1984 ला मतदान झालं तर कलर्ड आणि भारतीय मतदारांपैकी बहुसंख्य लोक मतदानाला गेलेच नाहीत. फुकट मिळणारी वरची पायरी नाकारली त्यांनी. हे आपल्या शाळेत का नाही शिकवत?

सोवेटोत अर्धाच दिवस मिळाला, तिथे जाताना रस्त्याकडेला सोन्याच्या खाणींच्या मातीचे पिवळट ढीग दिसतात, मंडेलांचं जुनं घर जिथे आहे त्या विलाकाझी स्ट्रीटवर गर्दी खूप होती. त्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून मी लिहीत नाही.

आमचं हॉटेल सँडटनमध्ये होतं. काचेच्या उंच इमारती, बँका, मॉल, आफ्रिकेतला सगळ्यात श्रीमंत चौरस मैल म्हणतात त्याला. आणि हायवे ओलांडला की काही किलोमीटरवर अलेक्झांड्रा, पत्र्याची घरं एकमेकांना चिकटून. अलेक्झांड्रा वसलं 1912 ला. 1913 चा जमीन कायदा यायला एक वर्ष होतं म्हणून तिथे काळ्या माणसाच्या नावावर जागा होऊ शकली, कारण त्या कायद्याने देशातली जेमतेम 7 टक्के जमीन काळ्यांना ठेवली, आणि 1936 मध्ये ती वाढवून 13 टक्क्यांच्या आसपास नेली. नंतर अलेक्झांड्रातल्या जागाही बऱ्याच जणांच्या हातून गेल्या.

आता कायदा सगळ्यांना सारखा आहे, 1994 ला सगळ्यांनी मत दिलं, मग अजून हे असं का, असं मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, कायदा एका दिवसात रद्द होतो पण घर तिथून उचलून आणता येत नाही. गरीब माणसाला मुद्दाम शहरापासून लांब टाकलं होतं, 1994 नंतर सरकारने घरं बांधली तीही बरीचशी लांबच, कारण तिथे जमीन स्वस्त. म्हणजे कामाला यायला रोज तास-दोन तास आणि पगारातला मोठा भाग मिनीबसच्या भाड्यात. जागतिक बँकेच्या आकड्यात 2014 साली दक्षिण आफ्रिकेचा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमता मोजायचा आकडा, 63 होता, शून्य म्हणजे सगळे सारखे आणि शंभर म्हणजे सगळं एकाकडे. मोजलेल्या देशांत इतका जास्त दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

ताईचं काम चालू होतं तेव्हा मी एकटी लेसोथोला जाऊन आले. या देशाच्या चारी बाजूंना दक्षिण आफ्रिकाच आहे. व्हिसा आधीच काढला होता. मिनीबसला तिकडे टॅक्सी म्हणतात, ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भाड्याचे पैसे मागून पुढे हातोहात जातात, सुट्टे तसेच परत येतात, एक रुपयासुद्धा इकडचा तिकडे होत नाही, अर्थात रुपया नाही, रँड.

शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या, अंगावर जाड ब्लँकेट, सँडटनमध्ये एका घरी धुणंभांडी आणि मुलं सांभाळतात. त्यांचे वडील सोन्याच्या खाणीत होते. लेसोथोचे लाखाच्या वर पुरुष एकेकाळी त्या खाणींमध्ये काम करायचे, करार संपला की घरी, मग परत करार. वडील वर्षातून एकदा यायचे म्हणाल्या, मी मोठी झाले तेव्हा ते मला पाहुण्यासारखे वाटायचे. आता त्या स्वतः दोन-तीन महिन्यांनी घरी जातात, मुलगी आजीकडे वाढली.

त्यांचं गाव वर डोंगरात, कात्से धरणाच्या बाजूला. या 185 मीटर उंच धरणाबद्दल मी वाचलं होतं. 1986 ला दोन्ही देशांचा करार झाला, 1998 पासून लेसोथोच्या डोंगरातलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला जातं, लेसोथोला त्याचे पैसे मिळतात. मी त्यांना म्हटलं की मग तुम्ही सँडटनला भांडी घासता ते पाणी तुमच्याच गावचं असेल की. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, घराच्या दारातून धरण दिसतं, पण पाणी आम्ही झऱ्यावरून डोक्यावर आणतो.

मला पुढे काही विचारता आलं नाही.

लेसोथोची राजधानी मासेरू, तिथल्या सीमेवरच्या पुलावर सगळे उतरलो, खाली मोहोकरे नदी, दोन्ही बाजूला रांगा. माझ्या रांगेत तीनच लोक होते, त्यांची रांग बाहेर उन्हापर्यंत गेली होती. माझा शिक्का लवकर झाला म्हणून मी पलीकडे थांबले, त्यांची एक बॅग माझ्याकडे दिली होती त्यांनी, मुलीसाठी शाळेचे बूट होते त्यात. पाऊण तासाने त्या आल्या, बॅग घेतली, बूट आहेत ना ते चाचपून बघितलं आणि डोंगराकडे जाणाऱ्या टॅक्सीकडे पळाल्या, कारण ती भरत आली होती.