ऐनाच्या झाडाखालची मिल

नागपुरात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या उपरण्याची किंमत ऐकून मी ‘इतकी?’ असे म्हणालो, तेव्हा दुकानदाराने शांतपणे सुचवले की, हे सूत कुठून येते ते एकदा जाऊन पाहावे. म्हणून सप्टेंबरातल्या एका सकाळी दिघोरी मागे टाकून उमरेडच्या रस्त्याला लागलो. कोळशाच्या खाणी मागे पडून भिवापूरच्या बाजूची मिरचीची शेते सुरू झाली आणि जंगलाच्या कडेला कोशाचे किडे पाळणारे ढिवर समाजातले एक जोडपे भेटले. गावात त्यांच्या पत्र्याच्या छपरीला ‘मिल’ म्हणतात. आत यंत्रे दोनच.

पण खरी मिल छपरीत नाही, बाहेर ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर आहे. तुतीच्या रेशमाचा किडा घरात ताटात वाढतो. टसरचा, म्हणजे आपल्या कोशाचा किडा मात्र उघड्या रानात झाडाचा पाला खाऊन चार वेळा कात टाकतो आणि तीस-चाळीस दिवसांनी कोष विणतो. तेवढे दिवस मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरे, माकडे सगळ्यांचाच त्याच्यावर डोळा असतो, म्हणून भाऊ गुलेल घेऊन उजाडल्यापासून झाडाखाली असतात. पाला संपलेल्या झाडावरचे किडे फांदीसकट कापून दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायचे, हेही त्यांचेच काम. दक्षिण अमेरिकेतल्या आँडीज पर्वतातला अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी वर्षातून एकदा लोकर देऊन पुन्हा चरायला जातो. इथे सूत हवे असेल तर कोषातला जीव उकळावा लागतो, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जात नव्हती.

हिरवागार, बोटाहून जाड किडा जवळून पाहावा म्हणून मी फांदीकडे हात नेला, तोच वहिनींनी अडवले. ‘‘डासाचं मलम लावलं नं तुमी? दूर राहा जी, किडे मरतीन.’’ लावले होते खरे. साबणाने हात दोनदा धुतल्यावरच मला पुन्हा झाडाजवळ येऊ दिले.

अंडीपुंज, म्हणजे एकेका मादीने घातलेली अंडी, ते विकत आणतात. एक मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि पेब्रिन या किड्यांच्या रोगासाठी तिला सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच तिची अंडी वापरली जातात. ही पद्धत लुई पाश्चरने 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली. नागपुरातच राज्याचे रेशीम संचालनालय आहे, हे मला इतकी वर्षे शहरात राहूनही ठाऊक नव्हते.

छपरीत सोड्याच्या पाण्यात कोष उकळत होते आणि त्याचा उग्र वास कपड्यांना चिकटत होता. मऊ झालेल्या चार-पाच कोषांच्या धाग्यांची टोके वहिनींनी चिमटीत धरली, यंत्रावर चढवली आणि मधाच्या रंगाचा धागा निघू लागला. त्यांच्या सासूबाई हेच सूत उघड्या मांडीवर वळत. कातडी सोलून निघे, असे त्यांनी सहज सांगितले. पतंग बाहेर पडल्याने भोक पडलेले कोषही टाकत नाहीत, त्यांचे जाडेभरडे घिचा सूत कातले जाते. मी त्याच सुताचे एक उपरणे घेतले आणि या खेपेला किमतीबद्दल काही बोललो नाही.

निघताना अंधारून आले होते. भाऊ कंदील पुसत होते. रात्रीची राखण अजून व्हायची होती.