इन्सुलिनच्या सुया, ट्यूबलाइट, जुन्या गोळ्या : घरातला घातक कचरा द्यायचा कुठे? माझा अनुभव

ओल्या कचऱ्याबद्दल मी फार लिहिणार नाही. गच्चीवर दोन ड्रम, वाळलेला पाला, थोडं आंबट ताक, ओल वाढली की आणखी पाला. एवढ्यावर ते सुरळीत चालतं. सुक्याचंही तसंच. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या भंगारवाला नेतो, उरलेलं घंटागाडीत जातं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर तो त्याही घेतो. फक्त पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो एवढासा तुकडा सुटला की थेट गटारात जातो.

मी अडकले ती तिसऱ्या गटात, म्हणजे घातक कचऱ्यात. सासऱ्यांना रोज इन्सुलिन लागतं, म्हणजे रोज सुई. शिवाय जुने सीएफएल (वळ्यांच्या नळीचे, आत थोडा पारा असलेले दिवे), रिमोटचे सेल, डॉक्टरांनी बदललेल्या बीपीच्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या आणि पाऱ्याचा तडकलेला थर्मामीटर. २०२३ साली आमच्याच गल्लीत कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या तळहातात कुणाच्या तरी पिशवीतली सुई घुसली. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं झाली, रक्ततपासणीला पुन्हा पुन्हा बोलावलं. प्रत्येक रिपोर्ट येईपर्यंत त्या बाईंचा जीव टांगणीला. तेव्हाच ठरवलं, आमच्या घरातली एकही सुई घंटागाडीत जाणार नाही.

मग द्यायची कुठे? हे विचारायला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवर म्हणाले, सुया म्हणजे आरोग्य विभाग. आरोग्य विभाग म्हणाला, दवाखान्याच्या सुया आमच्याकडे, घरच्या घनकचरा विभागाकडे. घनकचरा विभागातल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, घंटागाडीत टाका, सगळे टाकतात." मावशींच्या हाताचं सांगितलं तर म्हणाले, "त्यांना हातमोजे दिलेत." कापडी हातमोज्यातून सुई आरपार जाते हे त्यांना मी सांगायचं? त्या वाक्याचा राग मला अजून येतो.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार करून पाहिली. त्यात पर्याय कोणते, तर कचरा उचलला नाही, मेलेलं जनावर, तुंबलेलं गटार. घातक कचऱ्याला जागाच नाही. 'इतर'मध्ये सविस्तर लिहिलं. काही दिवसांनी 'तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज आला. सोबत एका रिकाम्या कचराकुंडीचा फोटो होता, आणि ती कुंडी आमच्या भागातलीसुद्धा नव्हती. पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा तसाच मेसेज.

मग रात्री बसून तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ वाचून काढले. (एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत.) त्यातल्या दोन जागा माझ्या कामाच्या होत्या. एक म्हणजे व्याख्या. घरातून निघणारे रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि वापरलेल्या सुया-सिरिंज, हे सगळं 'घरगुती घातक कचरा' म्हणून तिथे स्पष्ट लिहिलं होतं. दुसरी जागा नियम १५. या कचऱ्यासाठी संकलन केंद्र उभारणं आणि त्याच्या वेळा जाहीर करणं ही स्थानिक संस्थेची, म्हणजे आमच्याकडे महापालिकेची, जबाबदारी होती, दर २० चौरस किलोमीटरला एक, क्षेत्र त्याहून कमी असलं तरी एक. म्हणजे मी कुणाकडे मेहरबानी मागत नव्हते.

या नियमाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला. अर्ज कधीही हातोहात देऊन परत येऊ नका, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. महिना उलटला, उत्तर नाही. विचारायला गेलं की संबंधित माणूस रजेवर, नाहीतर साइटवर, नाहीतर मीटिंगमध्ये. बाकावर बसून राहायचं आणि जेवणाची सुट्टी झाली की घरी यायचं. इकडे घरात सुयांची बाटली भरत चाललेली.

शेवटी माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. 'केंद्र का नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर टाळता येतं. कागद मागा. मी तीनच गोष्टी मागितल्या : केंद्रांचे पत्ते व वेळा, मागच्या वर्षाच्या नोंदवहीची प्रत, आणि माल पुढे कोणत्या संस्थेला दिला त्याच्या पावत्या. तीस दिवसांची मुदत टळली. २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं. सुनावणीची तारीख लागायच्या आत पाकीट घरी आलं.

केंद्र होतं! जुन्या जकात नाक्यामागच्या शेडमध्ये, शनिवारी सकाळी उघडं. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. बाहेर फलक नाही, आणि ज्या कार्यालयात मी बाकावर बसून होते तिथल्या एकालाही ठाऊक नाही. शेडमधले दादा मात्र फार नीट वागले. सुयांची बाटली हलवून पाहिली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीसाठी वेगळी ठेवली. ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळून उभ्या केल्या. वहीत नाव लिहिलं. माझ्या आधीची नोंद एका शाळेच्या ट्यूबलाइटची होती, तीही बरीच जुनी. त्या दिवशी परत येताना मला खरंच अभिमान वाटला.

सुयांसाठी फिनेल किंवा लिक्विड डिटर्जंटची जाड बाटली घ्या, पाण्याची पातळ बाटली नको. तीन चतुर्थांश भरली की बंद करा आणि वर मार्करने 'सुया' लिहा. सीएफएल घरात फुटला तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. झाडू मारू नका, पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे उचलून बरणीत बंद करा. गोळ्या पट्टीतच राहू द्या, बेसिनमध्ये सोडू नका. जुने मोबाइल आणि चार्जर या केंद्रात घेत नाहीत, ते ई-कचऱ्यात.

फलक लावा म्हणून दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. तोवर पत्ता आणि वेळ लिहिलेला कागद मी आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर चिकटवलाय, आणि इन्सुलिन घेणाऱ्याला दुकानदार तो आवर्जून दाखवतो. पॅड आणि डायपर तिथे नेऊ नका, ते या गटात येत नाहीत. कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल खूण करून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळे द्या.