आमची वाटचाल : नेहमीसारखं

गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं, मान मागं टाकतं आणि म्हणतं, "नेहमीसारखं." आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड हुकूम हाच. दुसरा, "बारीक करा." लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या आडत्याचं बारीक म्हणजे फणीवर कैची चालवून राखलेले दोन बोटं केस. भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोराचं बारीक म्हणजे बाजूला झिरो, वर तीन नंबर. आणि आठवडी बाजाराला आलेल्या म्हाताऱ्याचं बारीक म्हणजे पुढचे दोन महिने दुकानाचं तोंड बघायला लागू नये इतकं. शब्द एक आणि डोकी तीन. विचारत बसलं तर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्या वर्षांत तुला कळत नाही का.

पोरगा म्हणतो, बाबा, दुकानाची वाटचाल लिहा, पण जुनी भांडणं लिहू नका. भांडणं वगळली तर आमची वाटचाल चार ओळींची आहे.

वडील औसा तालुक्यातल्या आमच्या गावचे वारीक, म्हणजे न्हावी. बलुत्यावर काम. हत्यारांच्या धोकटीत वस्तरा, धारेची पथरी, धार लावायचा चामड्याचा पट्टा म्हणजे चामोटा, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, हातमशीन आणि एक कोपरा उडालेला आरसा. लिंबाखाली माणूस उकिडवा बसायचा, वडील त्याचं डोकं दोन गुडघ्यांत धरायचे. डोकं, दाढी आणि हात वर करायला लावून काखा, एका बैठकीत सगळं. सुगीला ज्वारी मिळायची ती घराघरांप्रमाणं, कामाप्रमाणं नव्हे. वडलांना अक्षरं जेमतेम येत. म्हणून त्यांनी एक लांबट लाल वही केली होती, वाण्याकडं असते तसली. घराला एक पान, माणसाला एक ओळ आणि ओळीवर खुणा. आडवी रेघ म्हणजे मिशी. रेघेखाली टिंब म्हणजे मिशी ओठावर उतरू द्यायची नाही. रेघेवर फुली म्हणजे मिशीला हात लावायचा नाही. गोल म्हणजे मागून मान गोल, चौकोन म्हणजे सरळ. एवढ्यावर अख्खं गाव मावलं होतं.

१९९१ साली मी आणि माझा भागीदार लातुरात आलो. तो माझ्या आत्याचा मुलगा, वयानं दोन वर्षं थोरला. गोलाईपासून हाकेच्या अंतरावर दहा बाय बारा फुटांची खोली, दोन लाकडी खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे. वही मी बरोबर आणली आणि वडलांच्याच खुणांनी पुढं लिहायला लागलो. शहरात खुणा वाढल्या. कल्ले कानाच्या पाळीपर्यंत की खाली, भोवरा एक की दोन (दोन भोवरेवाल्याचे मागचे केस फार कापले की उभे राहतात, तिथं अर्धा इंच जास्त सोडायचा), दाढी एकदा सरळ की सरळ-उलटी. मुसलमान गिऱ्हाइकांची मूठभर दाढी, मिशी मात्र बारीक. ती दाढी आपण ठरवून कापायची नसते. त्यांनी मूठ धरायची, मुठीखाली येईल तेवढीच आपण सारखी करायची.

१९९३ च्या भूकंपाबद्दल मी लिहिणार नाही. त्या दिवसांत वस्तऱ्याला काम फार होतं, आणि ते काम आठवायचं नाही असं वडलांनी सांगून ठेवलंय.

त्यानंतरची वीसेक वर्षं बरी गेली. लाकडी खुर्च्या जाऊन पायानं वरखाली होणाऱ्या आल्या, हातमशीन जाऊन विजेची आली, वस्तऱ्याला धार लावायचं बंद होऊन अर्धं ब्लेड मोडून घालायचं आलं. हे चांगलंच झालं. ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर मोडायचं, हे आमच्याकडं तेव्हापासून आहे. चामोटा अजून खिळ्याला टांगलेला आहे. काम नसलं की मी वडलांचा वस्तरा त्यावर दहा वेळा फिरवतो. त्याचा आवाज ज्याला माहीत आहे तो पेपर खाली ठेवून वर बघतो.

आता मुनीमजी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तुरीच्या आडतीवर हिशेब लिहिणारे, दर अकराव्या दिवशी दुपारी तीनला येणारे. त्यांच्या ओळीत तीन गोष्टी. मिशीची टोकं खाली नाहीत, वर नाहीत, आडवी. गळ्याखालचा केस कॉलरच्या वर दिसता कामा नये. आणि कानावरच्या केसांना कैची लावायची नाही. दोन्ही कानांवर चांगले बोटभर केस, झाडूसारखे. नव्या पोरानं एकदा कैची नेली तर त्यांनी त्याचं मनगट धरलं, म्हणाले, "ते भाग्याचे हायत. तुझे न्हाईत म्हणून तू इथं उभा हायस." पोरगं आठवडाभर आरशात स्वतःचे कान बघत होतं. मला विचाराल तर कानावरचे केस काढावेत, माणूस पाच वर्षांनी तरुण दिसतो. पण मला विचारतो कोण? डोकं त्यांचं आहे.

हेच मी भागीदाराला सांगत होतो. तो म्हणायचा, गिऱ्हाइकाला काय कळतं, आपण दाखवायचं आणि त्यानं करून घ्यायचं. भिंतीवर फोटो लावायचे, नंबर टाकायचे, आठ नंबर, बारा नंबर. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. बारावीला आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला आलेली पोरं हजारांनी, त्यांना फेड म्हणजे बाजूचे केस उतरत्या बारीक पाहिजे, बाजूला नक्षी पाहिजे. मागून बापाचा फोन, "बारीक करून टाका हो मालक, अभ्यासाला पाठवलंय." मी मधला मार्ग काढायचो. वरून बापाला पटेल असं, बाजूनं पोराला. भागीदार म्हणायचा, पैसे पोरगं देतंय, बाप नव्हे. तेही खोटं नव्हतं, कबूल करतो.

२०१५ च्या दिवाळीआधी दीड महिना तो वेगळा झाला. वेगळं होण्याबद्दल राग नाही. समोरच्याच रांगेत, सहा दुकानं सोडून, एसीचं दुकान काढलं. त्याबद्दलही राग आहे पण तो धंद्याचा राग. माझी दोन शिकवलेली पोरं नेली. नेली तर नेली. वही नेली, ते मात्र मी आजतागायत विसरलेलो नाही. गल्ल्याखालच्या खणात असायची. सकाळी खण उघडला तर नुसती धूळ आणि वहीच्या आकाराची स्वच्छ जागा. विचारलं तर म्हणाला, कोणती वही?

पहिले पंधरा दिवस मी गिऱ्हाइकाच्या मागं उभा राहून नुसती फणी फिरवत बसायचो. डोळ्यांना आठवायचं नाही. मग लक्षात आलं की हाताला आठवतंय. मानेवर हात ठेवला की गोल का चौकोन ते बोटं सांगायची. तरी चुका झाल्या. एका मास्तरांच्या डाव्या जबड्याखाली जुन्या जखमेचा वण आहे, तो झाकायला ते दाढी ठेवतात. मी तिथंच मशीन लावली. मास्तर आरशात बघून काही बोलले नाहीत, पैसे दिले, पुन्हा आले नाहीत. तो दोष माझा, वही असती तरी मी तेव्हा बघितली असती का, सांगता येत नाही.

पण वहीचा त्याला काय उपयोग झाला तेही सांगतो. खुणा त्याला येत होत्या, पण त्याच्या नव्या पोरांना कोण शिकवणार? त्यानं वहीची झेरॉक्स काढून पोरांच्या हातात दिली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक गृहस्थ, निलंग्याकडचे, एसीच्या हवेत बसून झोपले. ओळीवर रेघ, रेघेवर फुली. पोराला वाटलं, फुली म्हणजे काढून टाका. गृहस्थ उठले तेव्हा ओठ कोरा. आमच्याकडं बाप हयात असताना मिशी उतरवत नाहीत, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. माणूस तोंडाला रुमाल लावून गावी गेला. एसटीतून उतरताच पारावरची माणसं उठून जवळ आली, "कवा झालं हो? आमाला कळवायचं तरी." आणि म्हातारा घरासमोर बाजेवर बसून चहा पीत होता. तो उठला आणि पोराला म्हणाला काय ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे मला त्या गृहस्थांनीच सांगितलं, माझ्या खुर्चीत बसून. मी हसलो नाही. रात्री घरी गेल्यावर हसलो.

हसायला फार दिवस मिळाले नाहीत. २०१६ चा उन्हाळा आला. लातूरचं पाणी संपलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं ते बघितलं. न्हाव्याच्या दुकानाचं काय झालं ते कुणी बघितलं नाही. लोकांना वाटतं आम्हाला दाढीपुरतं पाणी लागतं, ते काय, अर्धा मग. तसं नाही. कटिंग केलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही. घरात आंघोळीला पाणी नाही, म्हणून माणूस कटिंगच करीना. अख्ख्या शहराचे केस वाढले. टॉवेल धुवायला पाणी नाही म्हणून मी गिऱ्हाइकांना घरून टॉवेल आणायला सांगितलं. दाढीला फवाऱ्यानं तोंड ओलं करायचं, फेस पुसायचा, धुवायचा नाही, शेवटी तुरटी. समोर भागीदाराचा खासगी टँकर उभा राहायचा आणि आत शॅम्पू चालायचा. मार्चमध्ये एका दिवशी माझा गल्ला एकशे दहा रुपये होता, खोलीचं भाडं तीन महिने थकलेलं. एक खुर्ची विकायला काढली होती, लातूर रोड गावचा एक जण बघूनही गेला.

मुनीमजी अकराव्या दिवशी तीनला आले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून आरशासमोर ठेवली. "एवढ्यात बसवा," म्हणाले. बसवलं. जाताना उरलेलं पाणी बाटलीत आहे का ते उजेडात धरून बघितलं, बूच लावलं आणि घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात आडतीवरची आणखी चार माणसं आली, प्रत्येकाच्या हातात बाटली. खुर्ची विकली नाही.

पुढं पाऊस झाला. नंतरचा टाळेबंदीचा काळ सगळ्यांनी बघितलाय, आमचंच काही वेगळं नाही. एवढंच की २०२० च्या जूनअखेर दुकानं उघडायला परवानगी आली ती कटिंगची, दाढीची नाही. वस्तऱ्याची पेटी उघडून, पुसून, परत मिटायची.

जाता जाता काही गोष्टी, कुणी विचारल्या नसल्या तरी. उलटी दाढी रोज करू नका. कापलेला केस कातडीखाली वळतो आणि मानेवर पुळ्या येतात, मग म्हणता न्हाव्याचं ब्लेड खराब. केस काळे करायची पुडी, मग तिच्यावर मेंदी लिहिलेलं असो, आधी कानामागं थोडी लावून दोन दिवस वाट बघा. मी सुजलेली कपाळं बघितली आहेत. श्रावणात दाढी राखणाऱ्यांनी पोळ्याच्या दिवशी सगळ्यांनी मिळून सकाळी आठला येऊ नये. तुळजापूरला अनवाणी जाणाऱ्यांनीही नवरात्र उठल्यावर तसंच. नवरदेवांनी हळदीच्या आदल्या दिवशी छातीवर वॅक्सचा पहिला प्रयोग करू नये. हळद लागल्यावर काय होतं ते त्यांना त्याच दिवशी कळतं. छातीवर केस नसलेल्या माणसाचा भरवसा धरू नये असं म्हातारी माणसं म्हणायची, आता पोरं पैसे मोजून ते काढतात. आम्ही मशीननं सहा मिलिमीटरवर आणून देतो, गुळगुळीत करत नाही. काखा आम्ही १९९१ पासूनच करत नाही, वडील असते तर रागावले असते. घरी ट्रिमर घ्या.

समोरचं एसीचं दुकान टाळेबंदीनंतर उघडलंच नाही. भाडं जड झालं असं ऐकलं. वाईट वाटलं असं लिहिलं तर मुनीमजी वाचून हसतील.

२०२१ च्या पावसाळ्यात एका मंगळवारी दुपारी भागीदार दारात उभा राहिला. केस कानावर आलेले, दाढी आठ दिवसांची, पांढरी. खुर्ची मोकळी होती. बसला. मी कापड झटकून गळ्याभोवती बांधलं. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. लाल वहीत शहरातलं पहिलं पान त्याचंच होतं, दुकान उघडलं त्या दिवशी गंमत म्हणून लिहिलेलं. भोवरा एक, उजवीकडं. मान चौकोनी. मिशी, खाली टिंब. कल्ले पाळीच्या वर एक बोट.

झाल्यावर त्यानं मागचा आरसा मागितला, मान वळवून बघितली, उठला. शंभराची नोट दिली आणि चपला घालायला लागला. मी वीस रुपये परत केले. आमच्याकडं कटिंग ऐंशीच आहे.