त्या दिवशी गाडी मी चालवत होतो

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे. मी ओहायोत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, एच-१बी वर. डेट्रॉइटच्या नैऋत्य भागात आमच्या कस्टमरचा प्लांट आहे, तिथे लाइनवर आमचं ब्रॅकेट नीट बसत नव्हतं, म्हणून नवीन सँपल घेऊन सकाळच्या शिफ्टला पोचायचं ठरलं. पहाटे साडेपाचला निघालो. गाडीत तिघं. मी चालवायला, शेजारी आमचे सिनियर जे बरीच वर्षं ग्रीन कार्डवर आहेत, आणि मागे टीममधली सगळ्यात नवी मुलगी, सहा महिन्यांपूर्वी मास्टर्स संपवून जॉइन झालेली, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, शिक्षणानंतर काही काळ काम करायची जी परवानगी मिळते त्या ओपीटीवर. मराठीच आहे, मला दादा म्हणते. डिकीत सँपलचा खोका.

टोलेडोपासून आय-७५ वर सरळ उत्तरेला तासाभराचा रस्ता, मी तो आधी चार-पाच वेळा केलेला. पण त्या दिवशी पाऊस, अंधार, आणि डेट्रॉइट जवळ आल्यावर आमचा नेहमीचा एक्झिट कामासाठी बंद. फोनने नवा रस्ता काढला, मग परत बदलला, उजवीकडे राहा म्हणाला, मी उजवीकडे राहिलो. माझं लक्ष वेळेकडे होतं, साडेसातची मीटिंग आणि सात वाजायला आले होते.

मागून आवाज आला, "दादा, बोर्डवर ब्रिज टू कॅनडा लिहिलंय."

मी म्हणालो, "ते पुढच्या एक्झिटचं असेल गं."

हे वाक्य मी का बोललो हे मी नंतर खूप वेळा आठवून पाहिलंय. बोर्ड मी वाचलाच नव्हता. तिने वाचला होता. ती नवीन, मी रस्ता माहीत असलेला, म्हणून मी न वाचताच उत्तर दिलं आणि ती गप्प बसली.

पुढच्या मिनिटभरात काय झालं ते सांगतो, कारण लोक मला विचारतात की अरे वळवता नाही आली का. नाही येत. लेन अरुंद होत जातात, दोन्ही बाजूला काँक्रीटचे कठडे, पुढे ट्रक, मागे ट्रक. अँबॅसडर ब्रिज, डेट्रॉइट आणि विंडसर यांच्या मधला. १९२९ सालचा पूल आहे, झुलता, मधला गाळा ५६४ मीटरचा, बांधला तेव्हा जगातला सगळ्यात लांब होता. चार लेन, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या वर. अमेरिका-कॅनडा मालवाहतुकीचा जवळपास पाव हिस्सा या एका पुलावरून जातो असं सांगतात आणि सकाळी सात वाजता ते पटतं, कारण तुमच्या आजूबाजूला ट्रकशिवाय काही दिसतच नाही. एकदा चढलात की गाडी वळवायला जागाच नाही, पलीकडे जाऊनच परत यायचं. आधी कुणी युनिफॉर्ममधला माणूस दिसला तर त्याला काच खाली करून विचारता आलं असतं बहुतेक, पण मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की मी कुठे आहे.

पुढच्या ट्रकचं चिखलाने माखलेलं मडगार्ड, वायपर, आणि उजवीकडे खाली करडी नदी, एवढं आठवतं. हद्द नदीच्या मध्यावर आहे, पुलावरून जाताना ती कळत नाही. कळली ती फोनमुळे. तिघांचे फोन एकापाठोपाठ थरथरले. कॅनडात स्वागत, रोमिंगचे दर अमुक.

सिनियर एवढंच म्हणाले, "पासपोर्ट आहेत का?"

होते. माझा आणि तिचा, दोघांचेही, आणि ते निव्वळ नशीब, कारण त्या प्लांटच्या गेटवर अमेरिकन नागरिक नसलेल्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो. एरवी मी पासपोर्ट घेऊन कधी फिरत नाही. सिनियरचा पासपोर्ट घरी, पण ग्रीन कार्ड पाकिटात.

मग मी डोक्यातल्या डोक्यात हिशोब करायला लागलो. माझा व्हिसा, म्हणजे पासपोर्टवरचा स्टँप, दोन वर्षांपूर्वी संपलेला. हे बेकायदेशीर नाही, इथे हजारो लोक असेच राहतात. व्हिसा लागतो तो आत येताना, राहायला लागतं ते स्टेटस, आणि ते आय-९४ वरच्या, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीवरच्या, कधीपर्यंत राहता येईल त्या तारखेवर ठरतं, माझी तारीख अजून पुढची होती. पण मी देशाबाहेर पडलो होतो ना आता. म्हणजे आत यायचं होतं. आणि आत यायला व्हिसा नव्हता.

तिचा व्हिसा चालू होता. ओपीटीचं कार्ड होतं. पण आय-२०, म्हणजे कॉलेज देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद, घरी, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. एफ-१ वाल्यांनी बाहेर जाऊन परत येताना आय-२० दाखवावा लागतो, त्यावर कॉलेजची ट्रॅव्हलची सही लागते, ओपीटीवर असाल तर ती सही सहा महिन्यांच्या आतली लागते. हे तिने मला पुलावरच सांगितलं, एकदम हळू आवाजात, पाठ असल्यासारखं. मी आरशात पाहिलं तर ती बॅगेतले कागद काढून मांडीवर एकावर एक लावत होती, कडा जुळवत होती, परत परत.

कॅनडाच्या बूथवर मी पहिलं वाक्य हेच बोललो की आम्ही चुकून आलोय, आम्हाला कॅनडात यायचं नाहीये, परत जायचंय. ऑफिसर बाईंनी चेहऱ्यावर काहीही न दाखवता विचारलं, कुठले नागरिक, डिकीत काय आहे, हत्यार आहे का, खोक्यातल्या मालाची किंमत किती. पॅकिंग स्लिप दाखवली. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, तो आमच्यापैकी एकाकडेही नव्हता, आणि हवाही नव्हता. आत बोलावलं, पाऊण तास बसवलं, मग प्रवेशाची विनंती मागे घेऊन परत जात असल्याचा एक एक कागद हातात दिला. चांगल्या वागल्या. असं रोज होतं का असं सिनियरनी विचारलं तर म्हणाल्या, हो, रोज.

आणि मग गाडी वळवून तोच पूल, उलट्या बाजूने. त्या वेळेपर्यंत उजाडलं होतं. डेट्रॉइटच्या उंच इमारती समोर दिसत होत्या, अर्ध्या ढगात. ज्या शहरातून आपण तासाभरापूर्वी निघालो तिथे परत जायला आपल्याला परवानगी मागायची आहे, ही भावना मला शब्दात नीट सांगता येत नाही.

अमेरिकेच्या बूथवर परत तेच वाक्य. आम्हाला बाजूला घेतलं. चाव्या डॅशबोर्डवर ठेवा, फोन बंद करा, आत जा. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नियमांचे बोर्ड, आणि आमच्यासारखी आणखी आठ-दहा माणसं. इथे बसल्यावर एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. चूक एक, गाडी एक, ड्रायव्हर एक, पण तिघांचं तीन प्रकारे होणार होतं. सिनियरचं कार्ड स्कॅन झालं, दहा मिनिटांत मोकळे. ते बाहेर जाऊ शकत होते पण गेले नाहीत, आमच्या शेजारी येऊन बसले.

माझं नाव पुकारलं. ऑफिसरने पासपोर्ट उलटला, व्हिसाच्या पानावर थांबला, तारखेवर बोट ठेवलं. "हा संपलाय." मी म्हणालो, हो, पण एक नियम आहे, कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा कमी राहून परत येत असाल, आय-९४ चालू असेल आणि तिकडे नवीन व्हिसासाठी अर्ज केला नसेल तर संपलेल्या व्हिसावरही घेतात. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. हे मला माहीत होतं ते फक्त एका मित्रामुळे, तो कधीतरी नायगारा पलीकडून बघून आला होता तेव्हा त्याने तासभर मला हेच समजावलं होतं आणि मी कंटाळून ऐकलं होतं. फोन बंद होता त्यामुळे शोधून दाखवायला काही नाही, जे आठवतंय ते बोललो. ऑफिसर म्हणाला, मला नियम माहीत आहे, आय-९४ दाखव.

स्टेटस वाढवून मिळाल्याचा जो कागद, आय-७९७, येतो त्याच्या तळाला आय-९४ ची पट्टी असते, तुटक रेघेवर कापायची. ती पट्टी मी दीड वर्षापूर्वी कात्रीने कापून पासपोर्टच्या मागच्या पानाला स्टेपल केली होती. स्टेपल गंजली होती, कागदावर तांबूस डाग पडला होता. ऑफिसरने ती पट्टी नखाने जरा वर उचलली, नंबर टाइप केला, स्क्रीन वाचली, बोटांचे ठसे घेतले. कुठे काम करतोस, पगार किती, बॉसचं नाव काय. मग शिक्का. एकूण वीस-पंचवीस मिनिटं, मला दोन तासांसारखी वाटली.

मग ती गेली. आणि तिला वेळ लागला.

तिचं सगळं खरं होतं, सिस्टिममध्ये तिचं रेकॉर्डही दिसत होतं, पण कागद नव्हता. आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. आम्ही दोघं बाहेर. मला वाटत होतं उठून जाऊन सांगावं की हिची काही चूक नाही, उलट हिनेच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. सिनियरनी माझ्या हातावर हात ठेवून बसवलं, म्हणाले, "आत तिला बोलू दे. तू गेलास तर गुंतागुंत वाढेल." बरोबर होतं त्यांचं. पण तो दीड तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढला. तिच्या आईबाबांना मी एकदा व्हिडिओ कॉलवर भेटलो होतो, "लक्ष ठेवा हो तिच्याकडे" म्हणाले होते.

ती बाहेर आली तेव्हा हातात एक फॉर्म होता, आय-५१५ए. विद्यार्थ्याकडे कागद कमी असले तर परत पाठवण्याऐवजी तीस दिवसांसाठी आत घेतात आणि तेवढ्यात राहिलेले कागद पाठवायचे असतात. म्हणजे एरवी तिच्या आय-९४ वर तारीख नसते, डी/एस लिहिलेलं असतं, स्टेटस चालू आहे तोवर राहा असा अर्थ. आता तिथे तीस दिवसांनंतरची तारीख आली होती. रडली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, "दादा, कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस किती वाजता उघडतं बघ ना, माझा फोन चालू व्हायला वेळ लागतोय."

गाडीची तपासणी झाली होती. सँपलचा खोका उघडून परत चिकटवलेला, टेप तिरकी. प्लांटला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. कस्टमरने काही म्हटलं नाही, ब्रॅकेट बसले, ते काम अर्ध्या तासात झालं.

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. २०१८ मध्ये एक फ्रेंच मुलगी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकाठी पळायला गेली, पळता पळता अमेरिकेच्या हद्दीत आली, ओळखपत्र जवळ नाही, दोन आठवडे कोठडीत. २०२५ मध्ये तर याच पुलावर एक आई आपल्या लहान मुलांसह फोनवर दुकानाचा रस्ता लावून निघालेली येऊन पोचली, कागद नव्हते, तिला मुलांसकट काही दिवस तिथेच ठेवलं. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या. आमचे जे काही तास गेले ते काहीच नाहीत त्यापुढे, आणि तिनेही आमच्याइतकीच चूक केली होती, एक वळण.

त्या पुलावरच्या दिवसानंतर मी आमच्या टीममधल्या मुलीच्या कागदांच्या मागे लागलो. कॉलेजने दोन दिवसांत सही करून आय-२० दिला, कंपनीच्या एचआरकडून पत्र काढलं, मी स्वतः तिच्याबरोबर कुरियरला गेलो, पावतीचा फोटो काढला, ट्रॅकिंग नंबर माझ्या फोनमध्येही ठेवला. रोज सकाळी ऑफिसला आल्यावर मी विचारायचो, ती मान हलवायची, नाही अजून. मॅनेजरला मी सगळं सांगितलं, बोर्डाचं पण. तो म्हणाला ठीक आहे. मला ते ठीक वाटत नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी, मी लाइनवर होतो, कानात प्लग, फोन खिशात थरथरला. तिने आय-९४ चा फोटो पाठवला होता. तारखेच्या जागी परत डी/एस.