खिळे, शवपेट्या आणि आमची सोळा सिटांची गाडी

"मॅडम, तुमच्या कार्यक्रमात चार ठिकाणी पब लिहिलाय. ते काढा आणि तिथे काहीतरी बघण्यासारखं घाला की."

आमच्याकडे चौकशीचे फोन साधारण असे येतात. फोनवर असतो मुलगा नाहीतर जावई. पैसे तो भरणार असतो, फिरायला येणार असतात आईबाबा, मावशी, एखादी आत्या. माझं उत्तर ठरलेलं. आयर्लंडमधले मोहरचे समुद्रकडे तुम्हाला कुठलीही सहल कंपनी दाखवेल. आमच्याबरोबर यायचं तर पबात यावं लागेल. प्यायची सक्ती नाही, आत बसायची आहे.

कंपनी म्हणजे आम्ही दोघं, दोन गाड्या आणि मोसमापुरता एक ड्रायव्हर. मी साताऱ्याची, हे इस्लामपूरचे. शॅननच्या एका कारखान्यात यांची नोकरी होती म्हणून लिमरिकला घर केलं. २०१६ मध्ये नोकरी सोडून गाडी घेतली. इथे आठांपेक्षा जास्त माणसं पैसे घेऊन न्यायची तर साधं लायसन चालत नाही. सोळा प्रवाशांपर्यंत डी-वन वर्गाचं लायसन, त्यावर ड्रायव्हरचं व्यावसायिक प्रमाणपत्र, आणि कंपनीला प्रवासी वाहतुकीचा वेगळा परवाना. परवान्यासाठी पहिल्या गाडीमागे ९,००० युरो आणि पुढच्या प्रत्येक गाडीमागे ५,००० युरोची ऐपत दाखवावी लागते. हे पैसे खर्चायचे नसतात, नुसते असावे लागतात. नुसते असणारे पैसे आमच्या घरात कधी नव्हते. दिरांनी हात दिला म्हणून पहिली पाटी लागली.

आता पब कार्यक्रमात कसे शिरले ते सांगते. लोकांना वाटतं आम्हाला संस्कृतीबिंस्कृती दाखवायची होती. खरं कारण बाथरूम. साठीच्या पुढची माणसं घेऊन निघालं की दीड-दोन तासांनी थांबावंच लागतं, आणि आयर्लंडच्या आतल्या रस्त्यांवर गावात उघडं काय असतं, तर चर्च आणि पब. चर्चमध्ये बाथरूम नसतं. पबात गेलं की काहीतरी घ्यावं ही साधी रीत, म्हणून चहा मागवायचा. चहा यायला वेळ लागतो. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरचा म्हातारा विचारतो, कुठून आलात? मग पाऊण तास गेला म्हणून समजा. यांनी वेळापत्रक दोनदा मांडून पाहिलं आणि शेवटी पबांनाच त्यात जागा दिली.

आमच्या कार्यक्रमातला सगळ्यांत लाडका थांबा डिंगलमधला फॉक्सी जॉन्स. केरी परगण्यातलं हे मासेमारीचं गाव. पबात शिरलं की एका अंगाला बार आणि दुसऱ्या अंगाला हार्डवेअरचं दुकान. दुकान शोभेचं नाही, खरं. रंगाचे डबे, खिळे, कुलपं, हातोड्या, दोऱ्यांची भेंडोळी. एका हाताला गिनेस या इथल्या काळ्या बिअरचे नळ, दुसऱ्या हाताला स्क्रूचे खोके.

एका गटात सांगलीचे एक काका होते, जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलेले, आता मुलाकडे दिलेलं. दोन दिवस गाडीत गप्प. समुद्र बघून "छान आहे", किल्ला बघून "छान आहे". फॉक्सी जॉन्समध्ये पाऊल टाकलं आणि काका थेट हार्डवेअरच्या बाजूला. एक बिजागरी उचलली, उघडमीट केली, पिन किती ढिली आहे ते अंगठ्याने पाहिलं, खिडकीकडे नेऊन मुलामा तपासला. मग मला हाक. "ताई, विचारा यांना, खाऱ्या हवेत हे गंजत नाही का?" बारमागच्या माणसाने पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, अर्धवट भरून ठेवला (गिनेस तसाही दोन टप्प्यांत भरतात, मध्ये बसू द्यावा लागतो) आणि तो इकडे आला. पुढचा अर्धा तास मी भाषांतर करत होते. मुलामा, पितळ, बोटींना कुठलं चालतं, उधारी किती दिवसांची. उधारीवर दोघांचं इतकं एकमत झालं की भाषांतराची गरजच उरली नाही. काकांनी एक हातोडी घेतली. सामान तोलताना बॅगेतून बाकरवडीचं रिकामं पाकीट काढून टाकलं, पण हातोडी ठेवली.

तो गट परत गेल्यावर सांगली-मिरजेकडून फोन सुरू झाले. जाहिरातीवर आम्ही त्याआधी बरेच पैसे घातले होते, त्यांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

सगळेच थांबे इतके गोड नाहीत. टिपररी परगण्यात फेथर्ड नावाचं जुन्या तटबंदीचं गाव आहे, तिथे मॅकार्थीज नावाचा पब. पब, खानावळ आणि अंत्यविधीचं काम, तिन्ही एका छताखाली. आम्ही पाजतो, जेवू घालतो आणि पुरतोही, असं ते स्वतःच म्हणवून घेतात. पुरुष हसतात. बायकांतली एखादी मात्र दारातच थबकते. "इथे जेवायचं?" असं विचारणाऱ्या मावशींना मी आग्रह करत नाही. बाहेर तटबंदीच्या कडेने एक चक्कर मारून आणते. पण बहुतेक वेळा चक्कर संपेपर्यंत कुतूहल वाढलेलं असतं आणि त्याच आधी आत जातात.

हे असं एकत्र का, हा प्रश्न प्रत्येक गट विचारतो, आणि मला उत्तर द्यायला आवडतं. छोट्या गावात नुसत्या दारूवर घर चालत नसे. म्हणून त्याच काउंटरवर चहा, साखर, पीठ, खिळे, बियाणं. अंत्यविधीचं तसंच. आकस्मिक मृत्यूची चौकशी एकोणिसाव्या शतकात पुष्कळदा पबातच भरायची, आणि प्रेत ठेवायला तळघर थंड असायचं. गाडा-घोडा मालकाकडे होताच, मयताला जमलेल्यांना प्यायला द्यायचं कामही त्याचंच. बाकीचं ओघाने आलं. त्यात १९०२ पासूनच्या परवाना कायद्याने नवीन पब काढणं अवघड करून ठेवलेलं, कुठलातरी जुना परवाना रद्द झाल्याशिवाय नवा मिळत नाही. म्हणून एकेक परवाना घरातल्या सोन्यासारखा पिढ्यान्पिढ्या जपलेला.

बायकांना मी आणखी एक गोष्ट दाखवते. जुन्या पबांत दाराजवळ लाकडी आडोशाची छोटी खोली असते, बारकडे उघडणारी एक खिडकी आणि आतून कडी. स्नग म्हणतात. बायकांनी प्यायचं तर इथे, कुणाच्या नजरेला न पडता. पाद्रीबाबाही इथेच बसायचे म्हणे. कित्येक पबांत बाईला पाइंट देत नसत, अर्धा ग्लास मिळे. तसं नाकारण्यावर कायद्याने बंदी आली ती २००० सालच्या समानता कायद्याने. आमच्या आत्या-मावश्यांना हे ऐकून फार बरं वाटतं. युरोपातही असंच होतं म्हणायचं! मग त्या स्नगमध्ये दार लावून बसतात आणि चिवड्याचा डबा उघडतात. डबा उघडण्याआधी मी मालकिणीला विचारून ठेवते, हे माझं काम.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, चैनही होत नाही. चीज-टोस्ट मिळतो, हॅम नको हे दोनदा सांगायचं. सूप भाज्यांचं असलं तरी आत कोंबडीचं पाणी आहे का ते विचारायचं. टेटोचे चीज-कांदा वेफर्स सगळीकडे. चवीचे वेफर्स १९५० च्या दशकात याच कंपनीने आणले, हे सांगितलं की लहान मुलं आणखी एक पाकीट मागतात. गिनेस गाळताना पूर्वी माशाच्या पिशवीचा पदार्थ वापरत, तो गेल्या दशकात बंद केला. ही माहिती मी फक्त विचारणाऱ्याला देते, आणि विचारणारे बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात.

पैशांचा एक नियम मात्र निघण्याआधीच सांगून ठेवते. इथे राउंड चालतो. एकाने सगळ्या टेबलाचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आपलं टीटीएमएम इथल्या बारवर काढलं की वाईट दिसतं. एखाद्या गावकऱ्याने आपल्याला चहा पाजला आणि आपण नुसतं "थँक यू" म्हणून उठलो, तर तो काही बोलणार नाही, पण गावाच्या लक्षात राहील. आम्हाला पुढच्या महिन्यात परत तिथेच यायचं असतं. म्हणून गटाचा एक सामाईक गल्ला करतो, परतफेडीचे राउंड त्यातून. यांच्यासाठी मात्र चहाच. साध्या चालकाला शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, धंद्याने गाडी चालवणाऱ्याला २०. आमच्या गाडीत ती शून्य धरायची असं ठरलंय.

क्लेअर परगण्यातल्या एका पबात गाण्याची रात्र असते. तिथे 'नोबल कॉल' चालतो. ज्याने गाणं म्हटलं, त्यालाच पुढचा गाणारा नेमायचा हक्क. कराडच्या एका मावशींवर बोट आलं. त्यांनी जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या. एक ओवी झाली, लोकांनी टाळ्यांना हात उचलले, तोवर दुसरी सुरू. पुन्हा हात वर, पुन्हा ओवी. ओवीला शेवट नसतो हे तिथे मला आणि मावशींनाच ठाऊक. शेवटी कोपऱ्यातल्या फिडलवाल्याने खालचा सूर धरून ठेवला, त्यावर त्या आणखी बराच वेळ गायल्या. मग हक्काप्रमाणे त्यांनी बोट केलं ते यांच्याकडे. लग्नापासून यांचं गाणं मी ऐकलं नव्हतं, आणि त्या रात्रीनंतर तो विषय आमच्या घरी निघत नाही.

२०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर इथे पंतप्रधान झाले आणि आमचा फोन खणखणू लागला. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पबवाले आमच्या प्रत्येक गटाला विचारायचे, तुम्ही त्यांना ओळखता का? आणि प्रत्येक गटात एकतरी माणूस ओळखत असेच, निदान साडूच्या गावाकडून.

मग २०२०. मार्चच्या मध्यात, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या तोंडावर पब बंद झाले. जूनअखेर उघडले ते फक्त जेवण देणारे, आणि जेवणही किमान नऊ युरोंचं हवं असा नियम. चहा-टोस्टवाल्या आमच्या गावातल्या पबांना सप्टेंबरपर्यंत दार उघडता आलं नाही. भारतातून कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. एक गाडी विकली, दुसरीवर नर्सांची ने-आण केली. त्यातल्या बहुतेक केरळच्या. आम्ही पोहे द्यायचो, त्या आप्पम द्यायच्या. पुन्हा उभं राहायला २०२२ उजाडलं. यादीतले काही पब उघडलेच नाहीत. देशभरात २००५ ते २०२१ या काळात अठराशेहून जास्त पब गेले, त्यात दारू पिऊन गाडी चालवण्यावरचे कडक नियम, घरी बसून पिणं, मुलं शहरात जाणं, सगळंच आलं. गावातल्या एकट्या म्हाताऱ्याला पबात न्यायला-आणायला कोणी नाही, हा तिथला खरा प्रश्न. भर दुपारी चौदा-पंधरा माणसं येऊन चहाच पितात, तरी आमचं स्वागत होतं ते त्यामुळे.

"पन्नास सिटांची बस का नाही घेत?" हे हितचिंतक दरवर्षी विचारतात. हिशेबाने ते बरोबर आहेत. पण पन्नास माणसं फॉक्सी जॉन्समध्ये शिरली तर हार्डवेअर घ्यायला आलेला गावकरी कुठे उभा राहील? शिवाय रस्ते. डिंगलला जाणाऱ्या कॉनर घाटावर दोन टनांवरच्या गाड्यांना बंदी आहे, आमची छोटी गाडीसुद्धा तिथे चालत नाही. आम्ही ट्रलीहून खालच्या रस्त्याने जातो, आणि त्यामुळेच ॲनस्कॉल लागतं. तिथला साउथ पोल इन हा पब टॉम क्रीनचा. अंटार्क्टिकाच्या तीन मोहिमा केलेला हा शेतकऱ्याचा पोर. फेब्रुवारी १९१२ मध्ये आजारी साथीदाराला वाचवायला बर्फातून एकटा ५६ किलोमीटर चालला, जवळ तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. निवृत्तीनंतर गावात पब काढला आणि त्या पराक्रमाबद्दल फारसा बोललाही नाही. मुलं या भिंतीवरचे फोटो बघत बसतात, कार्यक्रमात दिलेला अर्धा तास तिथे नेहमी कमी पडतो.

पुढच्या मोसमात बेरा द्वीपकल्प घालतोय. कॅसलटाउनबेअरमध्ये मॅकार्थीज नावाचा आणखी एक पब आहे, फेथर्डचा वेगळा, हा वेगळा. पुढे किराणा, मागे बार. या घरातले डॉक्टर एडन मॅकार्थी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी होते आणि नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचले. युद्ध संपल्यावर चिडलेल्या कैद्यांपासून त्यांनी छावणीच्या जपानी अधिकाऱ्याला वाचवलं, त्याने आपली तलवार त्यांना दिली. गटात लहान मुलं असली तर तिथे संध्याकाळी लवकर पोचायला हवं, कारण पबात मुलांना रात्री नऊपर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. हीली घाटाचा रस्ता हे स्वतः जाऊन बघून आलेत. वळणं अवघड आहेत, पण गाडी निघते. मधल्या टप्प्यावर बाथरूम कुठे, ते अजून शोधतोय.